ठाण्यातील फिनिश भाषावर्ग : व्याकरण पक्के, बोलचाल अपुरी

नौपाड्यातील एका खाजगी संस्थेचा प्राथमिक फिनिश वर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गात नोकरी किंवा उच्च शिक्षणासाठी फिनलंडला निघालेले लोक अधिक होते आणि फिनिश ही शेजारच्या स्वीडिशसारखीच असणार, असे त्यांच्यापैकी अनेकांनी गृहीत धरले होते. हा समज शिक्षिकेने पहिल्याच तासाला दूर केला. स्वीडिश मराठीप्रमाणे इंडो-युरोपीय कुळातील, तर फिनिश युरालिक कुळातील. एस्टोनियन तिला जवळची आणि हंगेरियन बरीच दूरची. तरीही प्राचीन काळी इंडो-इराणी भाषकांशी आलेल्या संपर्कातून काही शब्द तिच्यात शिरले असून, शंभर या अर्थाचा ‘सता’ त्याच मार्गाने संस्कृत ‘शत’शी जुळतो. हा तास उत्तम झाला. पुढचा इतिहास मात्र लिखित फिनिशचा पाया घालणारे धर्मगुरू मिकाएल आग्रिकोला यांच्या 1543 च्या अक्षरओळखीच्या पुस्तकापाशीच थांबला; फिनिशला प्रशासनात स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान मिळण्याची वाट मोकळी करणाऱ्या 1863 च्या फर्मानाचा उल्लेखही झाला नाही.

फिनिशच्या 15 विभक्तींची धास्ती मराठी भाषकाने बाळगण्याचे कारण नाही. ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ होताना मूळ शब्द जसा बदलतो, तसे ‘कातु’चे (रस्ता) ‘कादुल्ला’ (रस्त्यावर) होते. अध्यापन इंग्रजीतून असल्यामुळे सामान्यरूपाचा हा आयता आधार वाया जातो, याचे मला वाईट वाटले. खरी कसोटी कर्माच्या विभक्तीची आहे. ‘लुइन किर्यन’ म्हणजे पुस्तक वाचून काढले, तर ‘लुइन किर्या’ म्हणजे पुस्तक वाचत होतो. आपण जो भेद क्रियापदाने दाखवतो, तो फिनिश नामाच्या प्रत्ययातून दाखवते. या मुद्द्याला शिक्षिकेने पुरेसा वेळ दिला आणि सरावही भरपूर करून घेतला.

उणीव आहे ती बोलीभाषेची. पाठ्यक्रमातील ‘मिना ओलेन’ (मी आहे) प्रत्यक्ष संभाषणात बहुधा ‘मा ओन’ असे ऐकू येते, पण ही रूपे वर्गात जवळजवळ आलीच नाहीत. व्याकरणाचा पाया घालायचा असेल, तर शुल्क वसूल होते. हेलसिंकीत उतरल्यावर लगेच सहकाऱ्यांशी बोलायचे असेल, तर संभाषणाचा वेगळा सराव सोबत ठेवावाच लागेल.