न्यायालयासाठी घेतलेला मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल : वकिलाचा अभिप्राय

राजापूर तालुक्यातील हापूसच्या बागेवरून दोन भावांत पेटलेला वाद आंब्याच्या कलमांवरून कायद्याच्या कलमांवर आला, तेव्हा मृत्युपत्र करताना वडिलांची मनःस्थिती कशी होती, यावर आम्ही किनारपट्टीवरील एका खासगी मनोविकार दवाखान्याचे तज्ज्ञ मत घेतले.

अहवाल ठरलेल्या मुदतीत मिळाला आणि साक्षीला येण्याचे शुल्क आधीच लेखी कळवले होते. जुने केसपेपरही डॉक्टरांनी बारकाईने वाचले होते. तक्रार आशयाची आहे. अहवालाचा बहुतांश भाग आयसीडी-10 या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातील एफ03, म्हणजे अनिर्दिष्ट स्मृतिभ्रंश, हे निदान सिद्ध करण्यातच खर्ची पडला होता. आयसीडी-11 हे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेले असताना जुनी आवृत्ती का वापरली, हा उलटतपासणीतील प्रश्न डॉक्टरांनी सहज परतवला, कारण उपचारांची कागदपत्रेच त्या काळातील होती. पुढच्या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते : दुय्यम निबंधकांसमोर सही करताना आपली मालमत्ता किती, वारस कोण आणि आपण कोणाला काय देत आहोत, हे त्या गृहस्थांना कळत होते की नाही?

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 59 नुसार एरवी वेडसर असलेली व्यक्तीही मन ठिकाणावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. त्यामुळे आजाराचे नाव कितीही अचूक असले तरी त्या दिवसाविषयी ते काहीच सांगत नाही. राम नारायण गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये घटस्फोटाच्या संदर्भात हेच म्हटले होते, की स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसे नाही, विकाराची तीव्रता पाहावी लागते. अहवालात डीएसएम-5 या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेचा आधार घेतला होता, तिच्यातही न्यायालयीन वापराबाबत सावधगिरीची स्वतंत्र सूचना आहे. (ते पान बहुधा कोणी उलटत नाही.)

दोष निम्मा आमचाही होता, कारण ‘मत द्यावे’ एवढेच पत्र आम्ही पाठवले होते. पुढे देवगडच्या एका दाव्यात याच दवाखान्याला सहा नेमके प्रश्न लिहून दिले, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर आणि त्यामागील नोंदीची तारीख असा चार पानी अहवाल आला. दोन प्रश्नांपुढे ‘कागदपत्रांवरून सांगता येत नाही’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या अहवालाचे शुल्क मी नाराजी न ठेवता भरले.