ठिपकेदार मेसरश्मिटसाठी रंग: पाण्याचा अ‍ॅक्रिलिक की लॅकर?

लढाऊ विमानाचं मॉडेल रंगवायला घेताना कंपनीच्या आधी रंगाची जात ठरवावी, कारण पुढचं सगळं वेदरिंग (मळ, काजळी, झीज दाखवणं) तिच्यावर अवलंबून असतं. एनॅमल इथे बाजूला ठेवतो. वॉशसाठी, म्हणजे खाचांत सोडायच्या अगदी पातळ रंगासाठी, ते उत्तम, पण अंगाचा रंग म्हणून त्याच्या वाळण्याची वाट बघणं मला झेपत नाही. उरतात दोन: पाण्यात पातळ होणारा अ‍ॅक्रिलिक आणि उग्र वासाच्या थिनरमध्ये पातळ होणारा लॅकर. विमान एकरंगी असेल, म्हणजे युद्धाच्या शेवटच्या काळातलं नखशिखांत गडद निळं हेलकॅट वगैरे, तर काहीही घ्या, फार अडणार नाही. अडतं ते मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ सारख्या जर्मन विमानाशी. त्याच्या बाजूंवर फिकट आरएलएम ७६ असतो (आरएलएम म्हणजे जर्मन विमानखात्याचे रंगक्रमांक) आणि त्यावर ०२, ७४, ७५ चे धूसर कडांचे ठिपके.

आधी अ‍ॅक्रिलिकचं देणं देऊन टाकू. वास नगण्य, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) धुणं सोपं, आणि हाताच्या ब्रशनं रंगवायला त्याला तोड नाही. कॉकपिटमधल्या गडद आरएलएम ६६ वरची बटणं, पट्टे, सीटबेल्ट मी आजही त्यानेच करतो. लॅकरवर ब्रशनं लॅकर लावला, की दुसरा हात पहिल्याला विरघळवतो आणि ब्रशसोबत ओढून नेतो.

आता ठिपके. विमानावरचा २० सेंटीमीटरचा डाग १/४८ मध्ये जेमतेम ४ मिलिमीटरचा होतो, १/७२ मध्ये ३ पेक्षाही कमी. तो काढायचा तर एअरब्रश पृष्ठभागापासून एक-दोन सेंटीमीटरवर आणावा लागतो, दाब १०-१२ पीएसआयपर्यंत उतरवावा लागतो आणि ट्रिगर केसभर ओढावा लागतो. म्हणजे रंग अगदी कमी आणि उघड्या सुईवरून हवा मात्र सतत वाहती. अ‍ॅक्रिलिक नेमका इथेच सुईच्या टोकावर वाळतो. टोकाशी मोहरीच्या कणाहून बारीक गाठ धरते. आधी फवारा एका बाजूला कलतो, मग बंदच होतो. आपण नकळत ट्रिगर आणखी ओढतो, गाठ सुटते आणि ७६ च्या स्वच्छ निळसर अंगावर गडद शिंतोडा बसतो. पुसायला जावं, तर खालचा थर खरवडतो.

यामागे रसायन आहे. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि नुसत्या पाण्याने पुन्हा सुटत नाहीत, म्हणून मागून येणारा ओला रंग त्या गाठीवर आणखी थर चढवत राहतो. लॅकरचं उलटं आहे. वाळलेला लॅकर आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे मागून येणारा पातळ रंग टोक बऱ्यापैकी धूत जातो.

अ‍ॅक्रिलिकवर उपाय आहेत, ते नाकारत नाही. कपात फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग वाहता ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब, थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव), आणि दर पाच-सात ठिपक्यांनी थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने सुईचं टोक पुसणं. पण रिटार्डर वाढला, की रंग पृष्ठभागावरही वाळत नाही आणि ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. नुसता पातळ केला तर पकड जाते. दाब वाढवला तर कडा खरबरीत होते आणि आसपास धुरळा बसतो. एका बाजूच्या शंभरेक ठिपक्यांत सारखी पुसापुशी करावी लागली, तर हाताची लय राहत नाही. शेपटीकडचे ठिपके आणि नाकाकडचे ठिपके दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसतात. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. लॅकर एक भाग, रिटार्डर मिसळलेला लेव्हलिंग थिनर दोन ते तीन भाग, ०.२ मिलिमीटरची सुई, आणि एक बाजू सलग होते. तुमच्याकडची हवा दमट असेल, तर अ‍ॅक्रिलिकचा हा त्रास कमी जाणवेल हेही खरं.

दुसरा फरक मास्किंग टेपचा. लॅकर प्लास्टिकला धरून बसतो. अ‍ॅक्रिलिक वर पापुद्र्यासारखा बसतो, त्यामुळे प्रायमर चुकवला किंवा प्लास्टिकवर बोटांचं तेल राहिलं, की टेपबरोबर निघून येतो. शिवाय त्यावर पॉलिशपेपर फिरवला तर कडा गुळगुळीत होत नाही, गुंडाळ्या सुटतात. लॅकरवर पडलेला धुळीचा कण २००० नंबरने ओलं घासून काढता येतो आणि त्या जागेवर पुन्हा हात मारता येतो.

लॅकरचा वास मात्र सहन करायची गोष्ट नाही. बाहेर हवा फेकणारा स्प्रे बूथ आणि सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क, दोन्ही हवेत. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. कार्ट्रिज उघड्यावर ठेवलं तर न वापरताही संपत जातं, म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवावं. लहान मुलं वावरतात त्याच खोलीत काम करणार असाल, तर पुढचं न वाचता अ‍ॅक्रिलिक घ्या.

मधली वाटही आहे. तामियाच्या एक्सएफ मालिकेसारखे अल्कोहोलवर आधारलेले अ‍ॅक्रिलिक लॅकर थिनरमध्ये पातळ केले, तर ठिपक्यांना जवळजवळ लॅकरइतकेच आज्ञाधारक असतात. वास अर्थातच थिनरचा येतो, त्यामुळे मास्क सुटत नाही.

वेदरिंगला मी लॅकरवर जास्त निर्धास्त असतो. ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर) मारून ऑइल रंगाचा वॉश पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या खाचांत, सोडायचा आणि जादा भाग व्हाइट स्पिरिटने पुसायचा. खालचा लॅकर त्याला दाद देत नाही. धुराड्याचा काजळ डागही लॅकरनेच बरा येतो. काळा आणि तपकिरी मिसळून एकास नऊ पातळ करायचा आणि डीबी ६०५ इंजिनाच्या दर बाजूच्या सहा नळकांड्यांमागून पंखाच्या मुळावरून मागे, पाच-सहा हलक्या फेऱ्यांत चढवायचा. रंग इतका कमी सोडायचा म्हणजे टोक वाळण्याची भीती पुन्हा आलीच. झीज डाव्या पंखाच्या मुळाशी जास्त दाखवावी, कारण वैमानिक तिकडून चढतो. तिथे स्पंजने आणि चंदेरी पेन्सिलीने काम भागतं, रंग कोणताही असो.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःच पाण्याच्या अ‍ॅक्रिलिककडे वळतो: कि-६१ हिएनसारखी जपानी सैन्याची विमानं. त्यातल्या बऱ्याच विमानांवर प्रायमरशिवाय उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर रंग चढवलेला असायचा आणि तो पापुद्रे सुटून जायचा. ते दाखवायला खाली चंदेरी लॅकर पूर्ण वाळवावा, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात आणि वर हिरवा अ‍ॅक्रिलिक. अर्ध्या-पाऊण तासात कोमट पाण्याने भिजवून ताठ केसांच्या आखूड ब्रशने टोचावं. वरचा हिरवा लॅकरचा असेल तर पाणी खाली पोचत नाही आणि सालपं सुटत नाहीत. रात्रभर थांबलात, तर अ‍ॅक्रिलिकही हट्टी होतो. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावण्याआधी क्लिअरने हे सगळं बंद करा, नाहीतर डिकलच्या पाण्याने चिपिंग, म्हणजे पापुद्रे सुटणं, पुन्हा सुरू होतं.