जुनी मस्टँग जीटी, सांगलीचे गतिरोधक आणि अकरा महिन्यांचा हिशेब

गेल्या आठवड्यात सांगलीहून आष्ट्याकडे जाताना, एका गावाच्या वेशीवर रातोरात उगवलेल्या गतिरोधकाने माझ्या गाडीच्या पोटाखालचे प्लास्टिकचे आवरण फाडले, आणि सहा महिने लांबणीवर टाकलेला हा अनुभव लिहायला मी अखेर बसलो.

गाडी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरच्या, आठ सिलिंडरच्या (व्ही-८) इंजिनाची. मी तिचा दुसरा मालक. जुलै २०१६ मध्ये ती भारतात आली तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ६५ लाख रुपये होती. मी ती पुण्यातून ३९ लाखांना घेतली आणि मोठा व्यवहार साधल्याच्या आनंदात पेढे वाटले. आयुष्यभर हळदीचा व्यापार केलेल्या माणसाला हे आधी कळायला हवे होते की, नव्या गाडीच्या त्या किमतीत मोठा वाटा सीमाशुल्काचा होता आणि आयात गाडीवरचा राज्याचा २० टक्के एकरकमी कर त्याहून वेगळा. पहिल्या मालकाने हे कर भरले, जुन्या बाजारात ते कोणी भरून दिले नाहीत, आणि त्यामुळेच गाडी माझ्या आवाक्यात आली. टायर मात्र आजही नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. पुढचे २५५ आणि मागचे २७५ मिलिमीटर रुंदीचे असल्याने त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढवण्याची सोयही नाही. मागच्या जोडीला मी ७० हजार मोजले, तेव्हा पेढ्यांची चव उतरली.

शहरात लिटरमागे साडेपाच किलोमीटर आणि महामार्गावर नऊच्या आसपास, असा माझ्या वहीतला हिशेब आहे. ४०१ अश्वशक्तीचा उपयोग पेठ नाक्यापर्यंत, म्हणजे महामार्ग लागेपर्यंत, शून्य. मे महिन्यात मी गाडी विकायला काढली होती; ३५ लाखांचे गिऱ्हाईकही आले होते. त्याच आठवड्यात पहाटे वाईहून पसरणी घाट चढलो. वळणातून बाहेर पडताना पाय जरासा दाबला की गाडी जी झेप घेते आणि त्या इंजिनाचा जो खर्जातला आवाज डोंगरावर आपटून परत येतो, तो ऐकल्यावर गिऱ्हाइकाला मी नकार कळवला. चार लाखांचा घसारा तोवर सोसून झालाच होता.

आता मुख्य तक्रार, आणि ती गाडीविषयी नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि गोलसर चढाचा असावा. मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.७२ मीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि पोटाखालच्या १३.७ सेंटीमीटरपैकी जेमतेम साडेपाच खर्ची पडतात. आष्ट्याच्या वाटेवरचा तो उंचवटा मी टेप लावून मोजला: उंची १७ सेंटीमीटर, रुंदी हातभर. पुढची चाके उतरली की गाडीचे पोट थेट त्याच्या माथ्यावर येते. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवले तर बहुतेक ठिकाणी निभावते, परंतु मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न देत असताना रस्ताभर आडवे होणे शोभत नाही. सांगली ते पेठ असे नऊ गतिरोधक मी मोजले असून त्यांपैकी मानकात बसणारा एकही नाही.

फाटलेल्या आवरणासाठी पुण्यातील कार्यशाळेने २६ हजार रुपये आणि सहा आठवडे सांगितले. मिरजेच्या एका कारागिराने पत्र्याची पट्टी आणि रिव्हेट मारून ते काम १,८०० रुपयांत एका दुपारी केले. पावसाच्या दोन सरी येऊन गेल्या, तरी ते जागचे हललेले नाही. मोजमापांसह लेखी अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला आहे. तेथील लिपिकाने तो शांतपणे वाचला, खिडकीतून गाडीकडे पाहिले आणि म्हणाला, "मालक, ब्रेकर उंच नाही, तुमची गाडीच बसकी आहे."