पोरांची ॲप्स एकाच सर्व्हरवर: अपाची की इंजिन-एक्स?

जुळे सोलापुरात आमच्या क्लासच्या मागच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप बारा महिने चालू असतो. त्यावर उबुंटू (लिनक्स) आणि पस्तीसेक पोरांची खाती. कुणाचं पीएचपीत घरच्या गिरणीच्या हिशेबाचं पान, कुणाचं पायथनच्या फ्लास्कमध्ये चादरींच्या स्टॉकचं ॲप, दोघंतिघं जावास्क्रिप्टच्या नोडवाले. हे सगळं मी आधी इंजिन-एक्सवर चालवलं, आता अपाचीवर चालवतो. दोन्ही वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलेलं पान पोचवणारे प्रोग्राम.

इंजिन-एक्सला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. प्रत्येकाला वेगळं सबडोमेन (मुख्य पत्त्याच्या आधी पोराचं नाव), मागे त्याच्याच खात्यावर चालणारी प्रोसेस, मध्ये दोघांना जोडणारं युनिक्स सॉकेट. स्वतःचा पत्ता असल्यामुळे ॲपच्या सीएसएसच्या (पानाच्या रूपाच्या फाइलींच्या) लिंका तुटत नाहीत. कुकीजची सरमिसळ होत नाही. लेट्स एन्क्रिप्टच्या, सगळ्या सबडोमेनना एकच चालणाऱ्या, वाइल्डकार्ड सर्टिफिकेटला डीएनएसवरून (डोमेनच्या नोंदींवरून) पडताळणी लागते, पण ते एकदा जमवलं की झालं. वेगात तो पुढे आहे म्हणतात, असेलही. आमच्या पस्तीस पोरांत मला तरी फरक जाणवला नाही.

मला नडलं ते वेगळंच. इंजिन-एक्समध्ये एचटीअ‍ॅक्सेससारखी, म्हणजे ज्याने त्याने आपल्या फोल्डरात आपल्या नियमांची फाइल ठेवायची, सोय नाही. सगळं कॉन्फिग (सर्व्हरची सेटिंगं) रूट या मुख्य खात्याच्या ताब्यात, म्हणजे माझ्या. कुणी सॉकेटऐवजी पोर्ट (ॲपच्या दाराचा नंबर) घेतला, कुणाला दुसऱ्या पत्त्यावर वळवणारा एक रीडायरेक्ट हवा, की फोन मला. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम बघायला होम मैदानावर उभा होतो, तेवढ्यात फोन: "सर, पोर्ट बदललाय की, तेवढं आत टाका ना. उद्या प्रोजेक्ट दाखवायचाय." गर्दीत मोबाइलवरूनच आत शिरलो, ओळ बदलली आणि शेवटचा अर्धविराम खाल्ला. त्यात रीलोडऐवजी रीस्टार्ट दिला. रीलोड दिला असता तर चुकीचं कॉन्फिग नाकारून जुनंच चालू राहिलं असतं. रीस्टार्टने आधी चालू असलेला सर्व्हर बंद केला, मग नवा उठेना. एकाच्या पोर्टपायी पस्तीसही जणांची पानं आडवी. चूक माझीच, पण प्रत्येक पोराच्या प्रत्येक ओळीत माझा हात लागणार असेल तर ती आज ना उद्या होणारच.

अपाचीत यूजरडिर मॉड्यूल चालू केलं की पत्त्यात टिल्ड (~) लावून नाव लिहायचं, त्या पोराचं पब्लिक_एचटीएमएल फोल्डर उघडतं. पहिल्या दिवशी ४०३ (परवानगी नाही) येईल, घाबरू नका. उबुंटू २१.०४ पासून नवीन खात्याचं होम फोल्डर ७५० परवानगीने, म्हणजे परक्यांना बंद, बनतं, त्यामुळे सर्व्हरला उंबराच ओलांडता येत नाही. होमला ७११ (आतली यादी दिसत नाही, पण आत जाता येतं) दिलं की वाट मोकळी. पीएचपीचं मॉड्यूल या फोल्डरांत मुळातच बंद असतं, ते तसंच राहू द्या. चालू केलंत तर सगळ्यांचा कोड सर्व्हरच्या एकाच खात्यावर चालतो, आणि स्वतःच्याच ॲपने अपलोड केलेली फाइल पोराला बदलता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा एफपीएम पूल द्या, म्हणजे ज्याचा पीएचपी कोड त्याच्याच खात्यावर चालतो.

पण खरी गंमत एचटीअ‍ॅक्सेसमध्ये. रीराइट आणि प्रॉक्सीची मॉड्यूलं चालू असली की पोरगा स्वतःच एक रीराइट रूल लिहितो, शेवटी चौकटी कंसात पी (प्रॉक्सी, म्हणजे मागणी पुढे पोचव) टाकतो आणि त्याच्या पोर्टवरचं ॲप त्याच्या टिल्डखाली येतं. मला रूट व्हावं लागत नाही. (लॉगआउट केलं की ॲप मरतं अशी तक्रार आलीच, तर त्या खात्याला लिंगर (लॉगआउटनंतरही त्याची कामं चालू ठेवणारी सोय) चालू करून द्या. ते इंजिन-एक्समागेही करावं लागतंच.)

उणं आहेच. सगळी ॲप्स एकाच डोमेनखाली, म्हणजे ब्राउझरच्या लेखी सगळे एकाच घरातले, एकाची जावास्क्रिप्ट दुसऱ्याच्या पानात हात घालू शकते. त्या पी मुळे कुणी शेजाऱ्याच्या पोर्टवरही जाऊ शकतो. फ्लास्कला आपण टिल्डखाली राहतो हे वेगळं सांगावं लागतं. अनोळखी गिऱ्हाईकं असतील, पैशाचा व्यवहार असेल, तर बिनदिक्कत इंजिन-एक्स आणि सबडोमेन घ्या. मीही तेच केलं असतं. पण ओळखीची, शिकणारी पोरं असतील तर माझं मत अपाचीकडे थोडं झुकतं.

यंदाच्या गड्ड्यातही फोन वाजला. एकाने एचटीअ‍ॅक्सेसमध्ये काहीतरी चुकीचं लिहिलं होतं, त्याच्या पानावर ५०० (सर्व्हरची चूक) येत होतं. बाकी चौतीस चालू होते. "एरर लॉग बघ," म्हटलं आणि फोन खिशात टाकला.