भिंतीला चिकटवलेली जाळी

जुळे सोलापुरात आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर दहा बाय आठचं, खिडकी एकच आणि तीही शेगडीच्या डाव्या हाताला. वर्षाचा काळा मसाला मी घरीच करते, शेंगाचटणीचे दाणेही घरीच भाजते. मिरच्या तव्यावर टाकल्या की बाहेरच्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना असा ठसका लागायचा की त्या पार अंगणात जाऊन बसायच्या. त्यांच्यासाठी म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये चिमणी घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. पण काय घडलं ते सगळं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी हे होणार नाही.

दुकानदाराने चिमणी चालू केली आणि खाली वर्तमानपत्राचं पान धरलं. पान फटकन जाऊन चिकटलं. "बघा काकू, बाराशेचं सक्शन आहे!" आम्ही दोघंही तिथेच भुललो. त्या चिमणीला मागे पाइपच जोडलेला नव्हता, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही. बाराशे म्हणजे तासाला बाराशे घनमीटर हवा, आणि हा आकडा बहुतेक वेळा पुढे कसलाच अडथळा नसतानाचा असतो. पाइप जोडला, त्याला दोन वळणं दिली, टोकाला जाळी बसवली की तो खाली येतो. आणि आमच्या स्वयंपाकघराला एवढं लागतंय कुठे? दहा बाय आठ, उंची दहा फूट, म्हणजे आठशे घनफूट, साधारण तेवीस घनमीटर. तासाला पंधरा वेळा सगळी हवा बदलायची म्हटलं तरी साडेतीनशेच्या आत भागतं. ही हवा बाहेर कुठून आणि कशी जाणार, हे विचारायला हवं होतं. ते आम्ही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिटिंगला दोन पोरं आली. "काकू, धूळ फार उडते, तुम्ही बाहेर बसा." ड्रिलचा आवाज वीसेक मिनिटं आला आणि थांबला. नंतर मागच्या बोळात शिडी लावून काहीतरी केलं. मला खाली नेऊन वर दाखवलं: भिंतीवर पांढरी प्लास्टिकची जाळी. "इथून निघणार बघा तुमचा धूर." मी खूश होऊन मोबाईलवर फोटो काढला, बहिणीला पाठवला. फिटिंगचे 3,200 रुपये झाले. त्यात कोअर कटिंगचे, म्हणजे भिंतीला पाइपसाठी गोल भोक पाडायचे, 1,500, दहा फूट पाइप, जाळी आणि मजुरी. ते सगळं दुकानाच्याच बिलावर लिहून दिलं, आणि आम्ही त्याच वेळी पैसे देऊन टाकले.

पुढचे सात महिने मी चुकीच्या जागी दोष शोधत राहिले. फोडणीचा वास संध्याकाळपर्यंत घरात राहायचा, कपाटांच्या वरच्या बाजू चिकट व्हायच्या. दुकानात फोन केला तर म्हणाले, "तुम्ही तेल जास्त वापरता, फिल्टर धुवा." दर पंधरा दिवसांनी गरम पाण्यात सोडा टाकून फिल्टर घासला. मग वाटलं, उंची चुकली असेल. तीही चुकलेलीच होती. शेगडीपासून साधारण 26 ते 30 इंचांवर चिमणी हवी, आमची पुरती तीन फुटांवर. त्याहून वर गेली की धूर आधीच बाजूला पसरतो, आणि फार खाली आली तर गॅसच्या आचेने फिल्टरमधलं तेल पेटायची भीती. त्यात खिडकीचा वारा धूर उजवीकडे ढकलायचा. ही कारणं खरीच होती, म्हणून मूळ कारणापर्यंत मी पोचलेच नाही.

दिवाळीच्या आधी बाहेरून रंग काढायला घेतला. पेंटर शिडीवरून ओरडला, "ताई, ही जाळी काढू का? नुसती चिकटवलीय ही."

मी म्हटलं, अहो काढू नका, चिमणीची आहे. त्याने पट्टी खाली घालून उचकटली आणि ती त्याच्या हातात आली. मागे सिलिकॉनचे चार गोळे. आणि भिंतीवर आमचा जुना पिवळा रंग, जसाच्या तसा. भोक नाही, साधी खूणसुद्धा नाही. मी बोळात उभी राहून ते बघत होते आणि हातपाय गार पडले होते.

घरात येऊन मुलाने चिमणीवरच्या प्लायचे स्क्रू काढले. पाइप जेमतेम चार फूट होता. तो वाकवून त्याचं तोंड माळ्याच्या कोपऱ्यात सोडून दिलेलं होतं. सात महिने मी जो धूर बाहेर गेला म्हणत होते, तो सगळा आमच्याच माळ्यावर जात होता. पाइपच्या तोंडासमोर सासूबाईंची पत्र्याची ट्रंक होती. वरून बोट फिरवलं तर तपकिरी, मधासारखं चिकट तेल बोटाला आलं. झाकण नीट लागत नव्हतं, त्या फटीतून आतल्या इरकल लुगड्यांनाही तोच वास बसला होता. दोन लुगड्यांचे डाग निघालेच नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी लुगडी घडी करून परत ठेवली. मला त्याचं जास्त लागलं.

पोरांनी असं का केलं, ते नंतर गवंड्याने पाहून सांगितलं. त्या उंचीवर आडवा बीम आहे. आतून दोन इंच ड्रिल गेलं आणि काँक्रीट लागलं. बीम फोडला नाही, हे बरोबरच केलं. तो कधीच फोडू द्यायचा नसतो. पण तेव्हाच सांगितलं असतं तर बीमच्या खालून नाहीतर खिडकीच्या वरच्या काचेतून पाइप काढता आला असता. त्याऐवजी न पाडलेल्या भोकाचे पैसे घेतले आणि बाहेर जाळी चिकटवली. याला मी चूक म्हणणार नाही, ही ठरवून केलेली फसवणूक आहे.

दुकानदार म्हणाला, "फिटिंगवाले आमचे नाहीत, तुमचं तुम्ही बघा." पण फिटिंग त्याच्याच बिलावर होतं, आणि माझ्याकडे तारखेसकट फोटो होता. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत फिटिंगचे 3,200 परत आले. लुगड्यांचं आणि बाकीच्या नुकसानीचं मात्र तो नावच काढत नाही. त्यामुळे आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तुम्ही चिमणी घेणार असाल तर भोक पाडताना घरातलं एक माणूस बाहेर उभं करा. भिंतीतून उजेड आरपार दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. मग चिमणी चालू करून बाहेरच्या जाळीपाशी पातळ कागद धरा, तो फडफडलाच पाहिजे. पाइप सहा इंचीच घाला. चार इंची घातला तर तोंड निम्म्याहूनही लहान होतं आणि आवाज तेवढा वाढतो. वळणं जितकी कमी तितकं चांगलं. चिमणीची रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. बिलावर मॉडेल नंबर आणि पाइपची लांबी लिहून घ्या. बिनपाइपची, कोळशाच्या फिल्टरची चिमणीही मिळते. दुकानदाराने तसं सांगून विकली तर त्यात फसवणूक नाही. पण तिच्यात उष्णता आणि वाफ घरातच राहते, आणि तो कोळसा धुऊन चालत नाही, बदलावा लागतो.

आता बीमच्या खालून नवीन भोक पाडून घेतलंय, चिमणी 28 इंचांवर आणलीय. मसाला भाजताना खिडकी लावून घेते आणि मागचं दार थोडं उघडं ठेवते, म्हणजे आत हवा यायला वाट राहते. परवा मिरच्या भाजल्या तेव्हा मुलगा बोळात उभा होता. त्याला खाली शिंका आल्या आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत पोथी वाचत बसल्या होत्या.

ती जुनी जाळी, मागे सिलिकॉनचे चार गोळे तसेच, बिलासोबत एका पिशवीत बांधून ठेवली आहे. सुनावणीला नेणार आहे.