कोल्ट, रूगर की उबेर्ती? पहिलं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घेताना

अमेरिकेत राहून जुन्या पद्धतीचं काउबॉय रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की फिरून फिरून तीनच नावं समोर येतात: कोल्ट, रूगर आणि इटलीची उबेर्ती. दुकानाच्या काउंटरवर तिन्ही शेजारी ठेवली तर नवख्याला फरक दिसतो तो फक्त किमतीच्या चिठ्ठीवर. काडतुसं भरायला घेतली की मात्र लगेच कळतं. कोल्ट आणि उबेर्ती म्हणजे 1873 सालची यंत्रणा. रूगर आतून आजचं हत्यार आहे, पोशाख तेवढा जुना. निम्मा निर्णय इथेच होतो.

पण त्याआधी व्हिसाचं बघा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, अगदी रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलीसुद्धा. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. पुढे राज्याराज्यांचे नियम आहेतच. न्यू जर्सीत दर हँडगनमागे वेगळं परमिट काढावं लागतं. कॅलिफोर्नियात हँडगनची मंजूर यादी असते, पण लांबीच्या अटीत बसणारी सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर्स त्या यादीच्या कटकटीतून सुटतात. म्हणजे बे एरियातल्या माणसाला हा छंद वाटतो तितका अवघड नाही.

आता कोल्ट. अमेरिकन लष्कराने 1873 मध्ये स्वीकारलेलं हे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी. घोडदळासाठी साडेसात इंची नळी आणि .45 कोल्ट काडतूस. दर गोळीला अंगठ्याने घोडा, म्हणजे मागचा हॅमर, मागे ओढायचा. चापाचं काम फक्त तो सोडण्याचं. घोडा मागे येताना चार टिक ऐकू येतात. सी, ओ, एल, टी, असं शौकीन सांगतात. त्यातली दुसरी टिक महत्त्वाची. घोडा तिथे थांबवला की सिलिंडर मोकळं फिरतं, मग उजव्या अंगाचं छोटं झाकण उघडून एकेक काडतूस आत सारायचं. एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, झाकण लावा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली आणा. तो बरोबर रिकाम्या घरावर बसतो. हे सोपस्कार नाहीत. घोड्याच्या नाकावरच फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोका देणारी सुई, आहे. सहाही घरं भरली आणि रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं, तर गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांत पाचच काडतुसं.

शिवाय आतल्या स्प्रिंगा पातळ पट्टीच्या. भरपूर नेमबाजी केली की त्यातली एखादी कधीतरी मोडतेच. सुटे भाग मिळतात, पण स्क्रू पिळवटू न देता उघडण्यासाठी योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि धीर दोन्ही लागतं.

संग्रहाच्या बाजूने मात्र कोल्टला तोड नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच. जाणकार तीन पिढ्या मानतात: 1873 पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत पहिली, 1956 पासून दुसरी, 1976 पासून तिसरी. पहिल्या पिढीतलं 1898 किंवा त्याआधी बनलेलं असेल तर फेडरल कायदा त्याला ‘अँटिक’ धरतो आणि खरेदीचे नियम बरेच सैल होतात. पण अशा नगातून आजची काडतुसं उडवू नका. स्मोकलेस पावडरची हमी कोल्टने 1900 पासून दिली. त्याआधीचे नग काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेले आहेत.

हातात घेतल्यावर आधी उलटं करा. फ्रेमच्या पोटावर, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या पट्टीवर एकच नंबर हवा. मग कडा बघा. पुन्हा पॉलिश करून लोखंडाला निळसर मुलामा दिलेल्या नगाच्या कडा गोलावलेल्या असतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडलेला असतो, नळीवरची अक्षरं पुसट झालेली असतात आणि फ्रेमवरचं कोल्टचं चिन्ह, उसळतं शिंगरू, झिजून गुळगुळीत झालेलं असतं. चमक बघून भुलू नका. त्या चमकेने किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. उलट एकसारखा तपकिरी पडलेला, कोणी हात न लावलेला नग दिसायला गरीब, पण मोलाचा. लष्करी शिक्के तर डोळ्यांत तेल घालून बघावेत. एन्सवर्थ या तपासनीसाची अक्षरं असलेले सुरुवातीचे नग इतके महाग आहेत की ती अक्षरं मागाहून ठोकलेले नगही बाजारात फिरतात. कोल्टच्या दप्तरातून पैसे भरून पत्र मिळतं, त्यात तो नंबर कधी, कुठे, कोणत्या नळीनिशी रवाना झाला ते असतं. मात्र पत्र नंबराबद्दल बोलतं, तुमच्या हातातल्या लोखंडाबद्दल नाही. नळी बदललेली असेल तर पत्राशी ती ताडून तुम्हीच ओळखायची.

रूगरची गोष्ट वेगळी. युद्धानंतर कोल्टने हे मॉडेल बंद ठेवलेलं असताना टीव्हीवर वेस्टर्न मालिकांची लाट आली. बिल रूगरने ती संधी साधली: 1953 मध्ये .22 चं सिंगल-सिक्स, 1955 मध्ये .357 मॅग्नमचं ब्लॅकहॉक. पट्टीऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा, त्यामुळे मोडतोड जवळपास नाहीच. 1973 च्या न्यू मॉडेलपासून ट्रान्सफर बार आला. चाप दाबलेला असल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे सहाही घरं भरता येतात. भरताना घोड्याला हात लावावा लागत नाही. झाकण उघडलं की सिलिंडर मोकळं. ब्लॅकहॉकमध्ये एक बारीकसा जाच आहे: टिक ऐकू येते तेव्हा घर झाकणासमोरून किंचित पुढे सरकलेलं असतं. 2005 च्या न्यू वकेरोत तो त्रास काढून टाकला आहे.

घरीच काडतुसं बनवणाऱ्यांसाठी एक कडक सूचना. पुस्तकांत .45 कोल्टचे ‘फक्त रूगरसाठी’ असे जड, म्हणजे जास्त दाबाचे, लोड छापलेले असतात. ते मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉकसाठी आहेत. न्यू वकेरोची फ्रेम लहान आहे, तिच्यात ते चालत नाहीत. कोल्ट-उबेर्तीत तर नावच काढू नका.

संग्रह रूगरचाही होतो. 1973 च्या आधीचे तीन स्क्रूंचे नग हवे असतात, त्यातही मूळ भागांचे. कंपनी ते फुकटात ट्रान्सफर बार बसवून सुरक्षित करून देते आणि काढलेले जुने भाग परत पाठवते. असा नग घेताना ती भागांची पिशवी मागून घ्या.

उबेर्ती म्हणजे गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदुकांच्याच गावातली, 1959 ची कंपनी. आज ती बेरेटा समूहात आहे. तिचं कॅटलमन मुठीला, तोलाला, घोड्याच्या ओढीला कोल्टच्या इतकं जवळ जातं की डोळे मिटून ओळखणं कठीण. एका नव्या कोल्टच्या पैशात दोन, कधी तीनही येतात. अलीकडच्या नगांत आपोआप मागे सरणारी फायरिंग पिन आहे. मी तरी पाचच भरतो. घेताना घोडा पूर्ण मागे ओढून सिलिंडर किती हलतं ते बघा, आणि एका नगाची ओढ खरखरीत वाटली तर शेजारचा मागा. नगानगात फरक असतो. पुढे विकताना मात्र फार काही हाती येत नाही.

काउबॉय स्पर्धांमध्ये उतरायचं असेल तर सॅस (सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी) या संघटनेच्या सामन्यांना दोन रिव्हॉल्व्हर्स लागतात, आणि तिथे ट्रान्सफर बार असो वा नसो, सर्वांनी पाचच भरायची. गोळ्या शिशाच्या, वेग बेताचा. टोपणनाव आणि पोशाख सक्तीचा. ‘कोल्हापूर किड’ अजून कोणी घेतलं नसेल तर लवकर नोंदवा.

माझा कौल: नेमबाजीच करायची तर .357 मधलं उबेर्ती, साडेपाच इंची नळीचं. त्यात स्वस्तातलं .38 स्पेशल चालतं आणि .45 कोल्टच्या काडतुसांचा खर्च वाचतो. हजारो गोळ्या उडवणार असाल, आतल्या यंत्राची उठाठेव नको असेल किंवा घरात आणखी कोणी शिकणार असेल, तर न डगमगता रूगर. कोल्ट दुसरं किंवा तिसरं घ्या, दहा-वीस जुने नग हाताळून झाल्यावर. कोणतंही घेतलं तरी चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, गंज धरतो.

आणि रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. तळाशी राहिलेल्या एका काडतुसावरूनही मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.