त्रुटींसह रंगलेले ‘संगीत सौभद्र’

अर्जुन-सुभद्रेच्या विवाहावरील ‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाची एक नवी निर्मिती गेल्या आठवड्यात पुण्यात पाहिली. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे असताना मागच्या दोघांचे बोलणे कानावर पडत होते. हे सौभद्र नव्हेच, पूर्वीसारखे काही राहिले नाही, असा त्यांचा निवाडा होता आणि दुसऱ्या भागात त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यांच्या बहुतेक तक्रारी मला मान्य आहेत. तरीही त्यांनी उठून जाण्यात आपलेच नुकसान करून घेतले, असे मला मनापासून वाटते.

आधी दोषांविषयी. नेपथ्याच्या जागी रंगमंचभर एक विद्युत पडदा आहे आणि त्यावर द्वारका, समुद्र, रैवतक पर्वत अशी हलती चित्रे सतत येत राहतात. ‘प्रिये पहा’ हे पद कृष्ण रुक्मिणीला रात्र सरून उषःकाल होत असल्याचे दाखवण्यासाठी म्हणतो. ती पहाट शब्दांतून आणि सुरांतून हळूहळू उमलायची असते. इथे पहिली ओळ संपण्याआधीच पडद्यावर लख्ख सूर्य उगवतो आणि गायकाला दाखवण्यासारखे काही उरतच नाही. पात्रांच्या अंगावरचे ध्वनिग्राहक भरजरी उपरण्यांना घासून खरखरतात. ऑर्गनऐवजी कीबोर्ड वापरला आहे. ऑर्गनचा भाता जो सलग, श्वास घेतल्यासारखा भरणा देतो आणि गायकाच्या मुक्कामाच्या स्वराला हात देतो, तो इथे मिळत नाही. अर्जुनाची भूमिका करणारा तरुण नट चांगला आहे, पण तारसप्तकात त्याचा आवाज थकतो.

सर्वांत मोठी तक्रार मात्र कात्रीविषयी आहे. मूळ संहितेत शंभराच्या वर पदे आहेत. तीन तासांत ती बसणार नाहीत, हे उघड आहे. पण लोकप्रिय पदे ठेवून साक्या आणि दिंड्या, म्हणजे कीर्तनातून आलेली छोटी वृत्तबद्ध कवने, गाळण्याचा सोपा मार्ग निवडला गेला आहे. या छोट्या रचनाच कथानक पुढे नेतात. त्यामुळे घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो तो भाग इतका त्रोटक झाला आहे की, माझ्या शेजारी बसलेल्या, हे नाटक प्रथमच पाहणाऱ्या मुलीला हा राक्षस कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून आला, हे आईला विचारावे लागले.

इतके असूनही मी या प्रयोगाची बाजू घेतो, याचे कारण यातली पदे पुन्हा संवाद झाली आहेत. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवले आहे आणि अर्जुनाचा पत्ता नाही, अशा अवस्थेत सुभद्रा ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. हे पद मी मैफलींत अनेकदा ऐकले आहे. प्रत्येक वेळी गायिकेच्या तयारीला दाद दिली आणि सुभद्रेला विसरलो. या प्रयोगातील अभिनेत्री ते चार-पाच मिनिटांत संपवते. तान नाही, ओळीची अनावश्यक पुनरावृत्ती नाही. ‘कुणाला’ या शब्दावर ती किंचित थांबते आणि खरोखरच उत्तराची वाट पाहत असल्यासारखी इकडेतिकडे बघते. त्या क्षणी नाट्यगृहात जी शांतता पसरली, तिच्यासाठी मी पडद्यावरचा अवेळी उगवलेला सूर्य आनंदाने माफ केला.

पूर्वीसारखे नाही, या आक्षेपाचाही इथेच विचार केला पाहिजे, कारण यातले ‘पूर्वी’ नेमके कोणते, हा प्रश्न उरतोच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली या नाटकाचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीच्या चाली आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरकडच्या या माणसाच्या कानात लहानपणापासून असलेल्या कर्नाटकी चाली यांतून त्यांनी पदे बांधली होती. गायक-नट भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्या पदांनी गाजली. पुढे बालगंधर्वांच्या काळात रागदारीचा विस्तार वाढला, अहमदजान थिरकवाँसारखे तबलानवाज नाटक मंडळीत साथीला बसू लागले आणि गाणे हेच नाटकाला जाण्याचे मोठे कारण ठरले. तोही एक बदलच होता, आणि तो रसिकांनी डोक्यावर घेतला. गायक-नट छोटा गंधर्वांच्या कंठातला कृष्ण ज्यांच्या कानात घर करून आहे, त्यांना आजचा साधा कृष्ण फिका वाटणे मी समजू शकतो. माझ्याही कानात तो आहेच. पण ती थोरवी गाण्याची होती, आणि या मुलांनी नाटकाला पुढे आणले आहे.

नाटकातला विनोद तर अजिबात शिळा झालेला नाही, हे या प्रयोगाने सप्रमाण दाखवले. यतीचा वेष घेतलेल्या अर्जुनाला बलराम स्वतः आदराने घरी आणतो आणि त्याच्या सेवेसाठी बहिणीची नेमणूक करतो. प्रेक्षकांना सारे ठाऊक, कृष्णाला सारे ठाऊक, फक्त त्या सरळ स्वभावाच्या थोरल्या भावाला काही कळत नाही. पुष्कळ प्रयोगांत बलराम नुसता ओरडतो. इथला बलराम खऱ्या भक्तिभावाने यतीपुढे वाकतो, म्हणून त्याचे फसणे हसवते आणि थोडे हळहळायलाही लावते. अर्जुनाच्या आवाजाची उणीव या प्रवेशांत कुठल्या कुठे जाते, कारण दंड-कमंडलू सावरत सुभद्रेकडे न पाहण्याचा त्याचा प्रयत्न केवळ पाहण्यासारखा आहे. ‘नच सुंदरी करू कोपा’ या पदात रुक्मिणी पाठ फिरवून उभी राहते आणि तिच्या खांद्याच्या हालचालीवरून राग निवळत चालल्याचे कळते; कृष्ण तिला पाहून पुढची ओळ अधिक हळू म्हणतो. इतका तपशील बसवणारा दिग्दर्शक पडद्याच्या मोहात का पडला, याचेच आश्चर्य वाटते.

जाणाऱ्यांनी मधल्या रांगांतील जागा घ्यावी. कडेला बसल्यास ध्वनिक्षेपकामुळे तबला गायकावर मात करतो. निर्मात्यांना माझी विनंती एवढीच आहे की, घटोत्कचाच्या प्रवेशाआधीच्या दोन-तीन साक्या परत घ्याव्यात आणि ‘प्रिये पहा’च्या वेळी पडदा काळा ठेवावा. शक्य झाल्यास कुठून तरी जुना ऑर्गन मिळवावा. पुढच्या महिन्यातील प्रयोगाची तीन तिकिटे मी काढली आहेत. या वेळी दोन्ही भाचरांना घेऊन जाणार आहे.